ऑफिस, शोरूम, हॉस्पिटलसाठी काचेची भिंत आणि काचेचं छत निवडताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

काचेच्या भिंती आणि काचेची छतं याबद्दल आम्हाला जे प्रश्न परत परत येतात ते इथे एकत्र केलेत. विचारणारे बहुतेक जण मालक असतात, नाहीतर सोसायटीचे कमिटी मेंबर, नाहीतर नुकतेच कामाला लागलेले साइट इंजिनियर. उत्तरं आपल्याकडचं ऊन आणि आपल्याकडचा पाऊस धरून दिलीत, कारण थंड देशातल्या ब्रोशरमधलं सगळं इथे चालत नाही. प्रत्येक उत्तर सुटं वाचलं तरी कळेल, दुसऱ्या प्रश्नाचा संबंध आला की नंबर दिलाय.

१. काचेची भिंत बिल्डिंगचं वजन घेते का?

नाही. वजन कॉलम, बीम, स्लॅब हेच घेतात. काचेची भिंत म्हणजे स्लॅबच्या कडेला ब्रॅकेट मारून त्यावर टांगलेली ॲल्युमिनियमची चौकट आणि तिच्यात बसवलेली काच, ती फक्त स्वतःचं वजन आणि वाऱ्याचा दाब स्लॅबकडे पोचवते. उभ्या सेक्शनला मुलियन म्हणतात, आडव्याला ट्रान्झम, हे दोन शब्द पुढे बऱ्याचदा येतील. वजनाचा हिशोब सोपा आहे, एक चौरस मीटर काच दर मिमी जाडीला अडीच किलो भरते, म्हणजे ६ मिमीच्या दोन काचांची डबल काच ३० किलो, ॲल्युमिनियम वेगळं. विटांच्या भिंतीपेक्षा हे खूप कमी आहे, पण जुन्या बिल्डिंगला नवीन काच लावणार असाल तर स्लॅबची कड अँकर धरेल का हे स्ट्रक्चरल इंजिनियरकडून लेखी घ्या.

२. स्टिक, सेमी-युनिटाइज्ड, युनिटाइज्ड, स्पायडर, यातली आमच्या बिल्डिंगला कुठली सिस्टिम?

मजले किती, परांची बांधता येते का आणि वेळ किती आहे यावर ठरतं.

स्टिक म्हणजे मुलियन, ट्रान्झम, काच सगळं साइटवर एकेक करून जोडायचं. तळमजला अधिक तीन-चार मजल्यांच्या ऑफिसला, शोरूमला हे ठीक आहे, खर्च कमी येतो, स्लॅब थोडा आत-बाहेर असला तरी जुळवून घेता येतं. पण सगळी मदार साइटवरच्या कारागिरावर आणि त्या दिवशीच्या धुळीवर, सिलिकॉन भरायच्या आधी कडा नीट पुसल्या का हे कोणी बघितलं नाही तर नंतर कळायला मार्ग नाही.

युनिटाइज्डमध्ये एका मजल्याएवढं अख्खं पॅनेल फॅक्टरीत काच लावून, सीलंट सुकवून तयार येतं आणि साइटवर फक्त टांगायचं, शेजारच्या पॅनेलमध्ये अडकवायचं. उंच बिल्डिंगला, साधारण दहा-बारा मजल्यांच्या वर, हेच घ्या. परांची लागत नाही, क्वालिटी एकसारखी राहते, आणि पॅनेलमधले गॅस्केटचे सांधे सरकते असल्यामुळे बिल्डिंगची हालचाल ते सहन करतात. अट एकच, निर्णय लवकर हवा, कारण अँकरचे चॅनेल स्लॅब ओततानाच टाकायला लागतात. आरसीसी पूर्ण झाल्यावर युनिटाइज्ड करू म्हणाल तर ड्रिलिंग आणि पॅकिंगमध्ये फायदा निम्मा संपतो. सेमी-युनिटाइज्ड मधला रस्ता आहे, मुलियन साइटवर उभे करायचे आणि काच चिकटवलेली छोटी फ्रेम फॅक्टरीतून आणून त्यावर लावायची.

स्पायडर म्हणजे काचेच्या कोपऱ्यांना स्टीलचे पंजे, चौकट नाही. लॉबीला, शोरूमच्या दर्शनी भागाला दिसायला सुंदर, मुंबई विमानतळाच्या टी२ ला केबलवर ताणलेली मोठी काचेची भिंत आहे ती याच घराण्यातली. पण यात पाणी वाहून न्यायला आतली पन्हळ नसते, दोन काचांमधला सिलिकॉन हाच एकुलता एक अडसर, म्हणून पावसाच्या थेट माऱ्यात असलेल्या उंच भिंतीला आम्ही सुचवत नाही.

३. टफन, हीट स्ट्रेंग्दन, लॅमिनेटेड, कुठे काय लावायचं?

टफन काच साध्या काचेच्या चार-पाच पट मजबूत असते आणि फुटली तर बारीक तुकडे होतात, धारदार पाती होत नाहीत. हीट स्ट्रेंग्दन साधारण दुप्पट मजबूत, फुटली तरी मोठे तुकडे चौकटीत अडकून राहतात. दोन्ही काचा भट्टीतून निघाल्यावर कापता येत नाहीत, भोक पाडता येत नाही, त्यामुळे मापं आधी पक्की. लॅमिनेटेड म्हणजे दोन काचांमध्ये पीव्हीबीचा पारदर्शक थर, फुटली तरी तुकडे थराला धरून राहतात.

जिथे काच जमिनीपासून ७५ सेंमीच्या आत सुरू होते आणि माणूस धडकू शकतो तिथे सेफ्टी ग्लास, म्हणजे टफन किंवा लॅमिनेटेड, हवीच. त्यातही पलीकडे दीड मीटरपेक्षा जास्त खाली पडायची शक्यता असेल तर फक्त लॅमिनेटेड, नुसती टफन नाही, कारण टफन फुटली की क्षणात भोक होतं आणि माणूस थेट खाली. वरच्या मजल्यावरच्या जमिनीपर्यंत आलेल्या काचेला हा नियम सगळ्यात जास्त मोडला जातो. आयएस म्हणजे भारतीय मानक, त्यातला आयएस १६२३१ हा काचेच्या वापराचा कोड आहे, आयएस २५५३ सेफ्टी ग्लासचा, काचेच्या कोपऱ्यातला छापलेला शिक्का स्वतः बघा.

४. डबल काच म्हणजे डीजीयू लागतेच का? सिंगल चालणार नाही का?

एसी दिवसभर चालणार असेल तर डीजीयू घ्या. एसी नसलेला जिना, पार्किंग, गोडाऊन, नुसती सजावटीची काच, इथे सिंगल लॅमिनेटेड पुरते, पैसे वाया घालवू नका. डीजीयूमध्ये दोन काचांमध्ये बहुतेक वेळा १२ मिमीची कोरडी हवा असते, कडेने आधी ब्युटाइलचं सील आणि त्याच्या बाहेर दुसरं सील. काच ॲल्युमिनियमला सिलिकॉननेच चिकटवलेली असेल, बाहेरून चौकट दिसत नसेल, तर हे दुसरं सीलसुद्धा स्ट्रक्चरल सिलिकॉनचंच हवं. तिथे पॉलीसल्फाइड नावाचं दुसरं सीलंट वापरलं तर ते उन्हातल्या अतिनील किरणांनी कमजोर होतं आणि बाहेरची काच त्याच्यावरच लटकलेली असते. कोटेशनमध्ये ‘स्ट्रक्चरल सिलिकॉन’ हा शब्द लिहून घ्या, दोन्हीच्या किमतीत फरक आहे आणि काम झाल्यावर डोळ्यांनी ओळखणं कठीण.

डीजीयूच्या दोन काचांच्या आतून धुकं किंवा ठिपके दिसले तर सील गेलं, ते रिपेअर होत नाही, युनिट बदलायचं.

५. यू-व्हॅल्यू, एसएचजीसी, व्हीएलटी यातला कुठला आकडा बघायचा?

आपल्याकडे पहिला एसएचजीसी. अंगावर पडलेल्या उन्हातली किती उष्णता आत येते तो आकडा. साध्या ६ मिमी काचेचा ०.८ च्या आसपास, चांगल्या सोलर कंट्रोल डीजीयूचा ०.२५ च्या आसपास. समजा पश्चिमेला १० चौरस मीटर काच आहे आणि दुपारी तिच्यावर दर चौरस मीटरला ६०० वॅट ऊन पडतंय. साध्या काचेतून ४,८०० वॅट आत, चांगल्या काचेतून १,५००. फरक ३,३०० वॅट, म्हणजे जवळपास एक टन एसी, फक्त एवढ्याशा काचेमागे. काचेचा जास्तीचा खर्च एसी प्लांटच्या साइजमधून वजा करून बघा, नुसता काचेचा दर बघितला तर चांगली काच नेहमी महागच वाटणार.

यू-व्हॅल्यू म्हणजे आतल्या-बाहेरच्या तापमानाच्या फरकामुळे काच किती उष्णता पास करते. सिंगल ६ मिमीचा ५.७ च्या आसपास, साध्या डीजीयूचा २.८, लो-ई कोटिंगवाल्या (उष्णता परतवणारा पातळ थर दिलेल्या) डीजीयूचा दोनच्या खाली. थंड देशात हा आकडा पहिला, आपल्याकडे दुसरा.

व्हीएलटी म्हणजे उजेड किती येतो. काळी काच घेऊन एसएचजीसी कमी केला आणि दिवसा ट्यूबलाइट लावल्या तर काय मिळवलं. ईसीबीसी म्हणजे इमारतींसाठीचा ऊर्जा बचतीचा कोड, त्याच्या २०१७ च्या आवृत्तीत व्हीएलटी किमान ०.२७ आहे आणि उत्तर सोडून बाकीच्या दिशांना एसएचजीसी जास्तीत जास्त ०.२७, दोन्ही एकत्र जमवणाऱ्या काचा बाजारात मिळतात.

६. क्लायंटला चारही बाजूंनी पूर्ण काच हवी आहे. करावी का?

आमचं मत स्पष्ट आहे, कमी काच घ्या आणि चांगली काच घ्या. ईसीबीसीच्या सरळ पद्धतीत भिंतीच्या ४० टक्क्यांपर्यंतच काच धरली आहे, त्याच्यावर जायचं तर अख्ख्या बिल्डिंगचं एनर्जी मॉडेल करून दाखवायला लागतं. हा कोड १०० किलोवॅट किंवा त्याहून जास्त कनेक्टेड लोडच्या व्यावसायिक इमारतींसाठी आहे, तुमच्या महापालिकेत आज कुठली आवृत्ती लागू आहे ते आर्किटेक्टला विचारा.

बाहेरून पूर्ण काच दिसायला हवी असेल तरी आत सगळीकडे खिडकी असायची गरज नाही. टेबलाच्या उंचीखालच्या काचेतून कोणी बाहेर बघत नाही, तिथून फक्त ऊन आत येतं आणि वायरी दिसतात. तेवढ्या पट्ट्यात मागे भिंत किंवा इन्सुलेशन घालून रंगीत काच लावता येते, त्याला स्पॅन्ड्रल म्हणतात. स्लॅब आणि बीमच्या समोरही तेच. दिसायला सलग काच, पण खरी खिडकी चाळीसच टक्के.

७. आमची मेन बाजू पश्चिमेला आहे, काय करू?

पश्चिमेचं ऊन खालून, तिरकं, थेट डोळ्यांवर येतं आणि दिवसभर तापलेल्या बिल्डिंगवर येतं. वर छज्जा काढून त्याला अडवता येत नाही. उभे फिन, जाळी, बाहेरचे लूव्हर, किंवा सरळ जिना, टॉयलेट, लिफ्ट, पँट्री त्या बाजूला घेऊन काच कमी करणं, हे उपाय. आतले ब्लाइंड चकाकी थांबवतात पण उष्णता तोपर्यंत आत आलेली असते.

दक्षिणेचं ऐकून लोकांना आश्चर्य वाटतं. मुंबई १९ अंश उत्तरेला, मे महिन्यात सूर्य जवळपास डोक्यावर, दक्षिणेच्या भिंतीवर ऊन जेमतेम. डिसेंबरच्या दुपारी तो दक्षिणेकडे साधारण ४७ अंशांवर येतो, तो छज्जाने छान अडतो. म्हणजे मोठी काच घ्यायची तर उत्तरेला, नाहीतर छज्जा घालून दक्षिणेला. आडवे फिन घेत असाल तर कबुतरांचा विचार आत्ताच करा, वरचा पृष्ठभाग उतरता ठेवा.

८. काचेची जाडी कशी ठरते? शेजारच्या बिल्डिंगला ६ मिमी आहे, आम्हालाही तीच चालेल ना?

शेजारचं बघून नाही ठरत. काचेचं माप, किती बाजूंनी धरली आहे, बिल्डिंगची उंची, आजूबाजूला मोकळं आहे का दाटी, आणि गाव कुठलं, या सगळ्यावर ठरतं. आयएस ८७५ भाग ३ मध्ये वाऱ्याचा मूळ वेग मुंबई आणि नागपूरला ४४ मीटर प्रति सेकंद आहे, पुण्याला ३९. फरक छोटा वाटतो, पण दाब वेगाच्या वर्गाने वाढतो, त्यामुळे तीच बिल्डिंग पुण्यातून मुंबईला नेली तर दाब जवळपास २७ टक्क्यांनी वाढतो. बिल्डिंगच्या कोपऱ्यांवर आणि पॅरापेटजवळ (गच्चीच्या कठड्याजवळ) वारा काच बाहेर ओढतो, तिथला दाब मधल्या भागापेक्षा जास्त, म्हणून तिथे कधी कधी जाड काच किंवा मजबूत मुलियन लागतो.

मुलियन किती वाकायला चालेल यालाही मर्यादा आहे, साधारण उंची भागिले १७५, म्हणजे साडेतीन मीटरच्या मुलियनला २० मिमी. फॅब्रिकेटरकडून हे गणित सहीशिक्क्यासकट मागा. जो गणित देत नाही त्याला काम देऊ नका.

९. दर पावसाळ्यात काचेतून पाणी येतं. सिलिकॉन मारून मारून थकलो. उपाय काय?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न, म्हणून जरा सविस्तर.

चांगली काचेची भिंत पाण्याला शंभर टक्के बाहेर अडवायच्या भरवशावर बनवलेलीच नसते. जूनमधला आडवा पाऊस बाहेरच्या गॅस्केटमधून थोडा आत शिरणार असं धरूनच ट्रान्झमच्या पोटात पन्हळ ठेवलेली असते आणि तिच्या खालच्या बाजूला वीप होल नावाची बारीक भोकं, आत आलेलं पाणी तिथून परत बाहेर पडतं. आता साइटवर काय होतं, गळती दिसली की कोणीतरी दोरीवर उतरून दिसेल त्या फटीत सिलिकॉन भरतो, आणि सगळ्यात आधी हीच भोकं बुजतात. मग पाणी पन्हळीत साठतं, मुलियनच्या सांध्यापर्यंत चढतं, तिथून आत, आणि थेंब दोन मजले खाली फॉल्स सीलिंगमध्ये दिसतो. म्हणून गळती जिथे दिसते तिथेच शोधू नका, वर शोधा.

शोधायची पद्धत ठरलेली आहे. खालून सुरुवात करायची, नोझल सांध्यापासून एक फुटावर धरून ३० ते ३५ पीएसआय दाबाने दर पाच फूट सांध्यावर पाच मिनिटं पाणी मारायचं, आतून एक माणूस टॉर्च घेऊन बसवायचा, मग पुढचा सांधा. वरून सुरू केलं तर पाणी खाली ओघळतं आणि कुठला सांधा दोषी ते कळतच नाही. नवीन कामाला ही टेस्ट पॅनेल लागत असतानाच करून घ्या, आतलं फर्निचर व्हायच्या आधी आणि मे संपायच्या आत. मोठ्या कामाला तर प्रोजेक्ट सुरू होतानाच लॅबमध्ये एक पूर्ण मापाचा नमुना उभा करून हवा, पाणी, वारा यांची टेस्ट होते, तिचा खर्च अख्ख्या कामाच्या मानाने किरकोळ असतो.

आमच्या पाहण्यात गळत्या सलग काचेत कमी आणि कडांना जास्त असतात. काच जिथे पॅरापेटला भेटते, एसीपीला (ॲल्युमिनियमच्या पत्र्याच्या क्लॅडिंगला) भेटते, टेरेसच्या वॉटरप्रूफिंगला भेटते, तिथे दोन वेगळ्या ठेकेदारांची हद्द असते आणि तो सांधा कोणाच्याच बिलात नसतो. ड्रॉइंगमध्ये तो सांधा मोठा करून काढून घ्या आणि कोण करणार त्याचं नाव तिथे लिहा.

आणि एक, पावसाळ्यात सकाळी काचेच्या बाहेरून धुकं दिसतं ती गळती नाही. आत एसीने काच थंड झालेली, बाहेरची हवा दमट, म्हणून बाष्प जमतं.

१०. आमची साइट समुद्राजवळ आहे. वेगळं काय घ्यायचं?

बोल्ट आणि स्पायडर फिटिंग ३१६ ग्रेडचं स्टेनलेस स्टील घ्या, ३०४ ला खाऱ्या हवेत तांबूस डाग पडतात. ॲनोडायझिंग असेल तर २५ मायक्रॉन, रंग असेल तर पीव्हीडीएफ कोटिंग. लोखंडी ब्रॅकेट आणि ॲल्युमिनियम एकमेकांना उघडे टेकू देऊ नका, ओल आली की ॲल्युमिनियम खाल्लं जातं, मध्ये नायलॉन किंवा ईपीडीएम रबराची पट्टी हवीच. रत्नागिरी, अलिबाग, पणजी, वरळी, सगळीकडे हेच. पाऊस न लागणाऱ्या कोपऱ्यात मीठ जास्त साठतं, तिथे धुण्याची वारंवारता वाढवा.

११. एट्रियमवर (बिल्डिंगच्या मधल्या उंच मोकळ्या चौकावर) काचेचं छत करायचं आहे, कुठली काच आणि उतार किती?

डोक्यावरच्या काचेत आतल्या बाजूची काच लॅमिनेटेडच. याला अपवाद नाही. नुसती टफन फुटली तर तुकडे बारीक असतात हे खरं, पण ते एकमेकांना चिकटलेले ढेकळासारखे दहा मीटरवरून पडतात आणि खाली माणसं असतात. डीजीयू असेल तर वरची काच टफन किंवा हीट स्ट्रेंग्दन, खालची लॅमिनेटेड. भिंत तिरकी असेल, जमिनीशी ७५ अंशांपेक्षा कमी कोन करत असेल, तर तीही छतच धरा.

उतार ५ अंशांच्या खाली नको, १० च्या वर असेल तर आम्ही निवांत असतो. सपाट ठेवलं की काच मधोमध किंचित वाकते, पाणी थांबतं, धूळ बसते, शेवाळ येतं. उताराला आडव्या येणाऱ्या सांध्यावर उंच कॅप लावू नका, ती बांधासारखी पाणी अडवते, तिथे काचेच्या पातळीला सिलिकॉनचा सांधा ठेवा.

उष्णतेचं बोलायचं तर शून्य सावलीच्या दिवसांत, म्हणजे मुंबई-पुण्याला मेच्या मध्याला आणि नागपूरला मेच्या शेवटी, ऊन त्या काचेवर अगदी सरळ पडतं. ईसीबीसी २०१७ मध्ये छताच्या ५ टक्क्यांपर्यंतच स्कायलाइट (छतातली काच) आणि त्याचा एसएचजीसी ०.३५ पर्यंत. खूप लोकांना पूर्ण छत काचेचं हवं असतं, त्यांना आम्ही गिरण्यांची छपरं आठवायला सांगतो. गिरणगावात करवतीच्या दातांसारखी छपरं होती, उभ्या बाजूला उत्तरेकडे काच, तिरक्या बाजूला पत्रा, दिवसभर मऊ उजेड आणि थेट ऊन फारसं नाही. आजही हॉस्पिटलच्या वेटिंग हॉलला, वर्कशॉपला ही रचना सगळ्यात शहाणी आहे. टी२ मध्येही छतातून उजेड येतो तो खोल खाचांमधून आणि छोट्या रंगीत काचांमधून.

धुवायला माणूस कुठे उभा राहणार ते आधी ठरवा. काचेवर पाय द्यायचा असेल तर तो भार डिझाइनमध्ये हवा आणि सेफ्टी रोपला हूक हवेत.

१२. काचेऐवजी पॉलीकार्बोनेट शीट लावली तर?

पार्किंग, पॅसेज, कारखान्याची शेड इथे जरूर लावा. हलकी, फुटत नाही, खर्च कमी. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाडा-विदर्भात जी गारपीट झाली तसा प्रसंग आला तर पॉलीकार्बोनेट साध्या काचेपेक्षा खूप बरं. पण काही वर्षांनी पिवळी पडते, ओरखडे पडतात, बदलायचा खर्च आत्ताच धरून ठेवा. यूव्ही थराची बाजू वर आली का ते शीटवरच्या फिल्मवर छापलेलं असतं, लावताना एकदा स्वतः बघा, उलटी लावली की लवकर खराब होते. शीट प्रसरण पण जोरात पावते, ६ मीटरच्या शीटला ४० अंशांच्या फरकात साधारण १५ मिमी, त्यामुळे स्क्रूची भोकं मोठी ठेवा. आगीच्या बाबतीत फायर कन्सल्टंटची परवानगी वेगळी घ्या.

१३. पूर्ण काचेच्या बिल्डिंगला आग लागली तर धूर बाहेर कसा जाणार?

याचं उत्तर डिझाइनच्या पहिल्या दिवशी हवं. राष्ट्रीय बांधकाम संहिता २०१६ मध्ये काचेच्या भिंतीला प्रत्येक मजल्यावर बाहेर उघडणारे फायर पॅनेल सांगितलेत, कमीत कमी १ मीटर बाय १ मीटर, एकमेकांपासून १० मीटरच्या आत, आणि आतल्या बाजूने ठळक अक्षरात लिहिलेलं. त्यांच्यासमोर कपाट किंवा सर्व्हर रॅक ठेवू नका, भाडेकरूच्या करारात हे वाक्य घाला.

दुसरी गोष्ट दिसत नाही म्हणून राहून जाते. स्लॅबची कड आणि काच यांच्यामध्ये हाताची बोटं जातील एवढी फट असते, ती सगळ्या मजल्यांवर स्लॅबइतक्याच फायर रेटिंगच्या मटेरियलने बंद करायची. रिकामी राहिली, किंवा थर्मोकोल कोंबून वर प्लास्टर केलं, तर खालच्या मजल्यावरचा धूर तिथूनच वर जातो. काचेच्या बिल्डिंगमधली आग किती महागात पडते ते आपण बघितलंय, जुलै २०१४ मध्ये अंधेरीच्या काचेने मढवलेल्या लोटस बिझनेस पार्कच्या आगीत अग्निशमन दलाचा जवान गेला. फिटिंग बंद व्हायच्या आधी प्रत्येक मजल्यावर ही फट बॅटरी मारून बघा, फोटो काढून फाइलला लावा.

१४. रात्री कोणी नसताना टफन काच आपोआप फुटली, असं होतं का?

होतं. काचेत निकेल सल्फाइडचा अगदी बारीक कण राहिलेला असतो, तो हळूहळू फुगतो आणि टफन काचेतला ताण सुटतो. तुकड्यांमध्ये सुरुवातीच्या जागी फुलपाखरासारखे दोन मोठे तुकडे दिसतात, ते जपून ठेवा, तोच पुरावा. उपाय म्हणजे हीट सोक टेस्ट, काच फॅक्टरीत २६० अंशांच्या आसपास काही तास तापवतात, कण असलेली काच बहुतेक करून तिथेच फुटते. शंभर टक्के हमी नाही, पण धोका खूप कमी होतो. उंचावरच्या टफन काचेला हीट सोकचं सर्टिफिकेट मागा, किंवा जिथे सेफ्टी ग्लासचा नियम नाही तिथे हीट स्ट्रेंग्दन घ्या, तिच्यात हा त्रास जवळपास येत नाही.

साधी, टफन न केलेली रंगीत काच फुटली असेल आणि तडा कडेपासून काटकोनात सुरू झाला असेल तर कारण वेगळं, अर्धी काच उन्हात अर्धी सावलीत, किंवा एसीचा झोत थेट काचेवर.

१५. जुन्या काचेला सनफिल्म लावून भागेल का?

सिंगल टफन काचेला बहुतेक वेळा भागतं. डीजीयूला किंवा साध्या रंगीत काचेला आतून गडद फिल्म लावली तर काच स्वतः जास्त तापते आणि प्रश्न १४ मधल्यासारखा तडा जाऊ शकतो, शिवाय काचेची वॉरंटी जाते. आधी काच कंपनीला मॉडेलचं नाव कळवून लेखी विचारा.

१६. महाबळेश्वरला हॉटेल आहे, मुंबईहून आणलेल्या डीजीयू फुगल्यासारख्या दिसतात. माल खराब आहे का?

माल खराब असेलच असं नाही. डीजीयू समुद्रसपाटीला सील केली की आत तिथल्या दाबाची हवा बंद होते. महाबळेश्वर साधारण १,३५० मीटरवर, तिथे बाहेरचा दाब १५ टक्क्यांच्या आसपास कमी, म्हणून आतली हवा काचा बाहेर ढकलते. प्रतिबिंब वेडंवाकडं दिसतं, छोट्या आणि अरुंद युनिटला तर फुटायचा किंवा सील सुटायचा धोका जास्त, कारण त्या वाकत नाहीत. ऑर्डर देतानाच साइटची उंची लिहून द्या, बारीक केशनळी घालून दाब सारखा करता येतो. लोणावळा, पाचगणी, तोरणमाळ, सगळ्यांना लागू.

१७. गोलाकार आत वळलेली काचेची भिंत करायची आहे, काही अडचण?

एक मोठी. आत वळलेली चकाकती भिंत ऊन एका जागी गोळा करते. २०१३ मध्ये लंडनच्या २० फेन्चर्च स्ट्रीट इमारतीच्या अशाच भिंतीने खाली उभ्या गाडीचे भाग वितळले, नंतर बाहेरून फिन लावायला लागले. आपल्याकडे ऊन त्याहून कडक. बाहेर वळलेली भिंत चालेल, आत वळलेली असेल तर उन्हाचा अभ्यास करून घ्या, समोरच्या बिल्डिंगला त्रास होईल का तेही बघा.

१८. तीन कोटेशन आलीत, चौरस फुटाच्या दरात भरपूर फरक आहे. कसं ताडून बघायचं?

दर बाजूला ठेवा आणि आधी मटेरियल एका रेषेत आणा. काच कुठली, कोटिंगचा कोड काय, जाडी, हीट सोक आहे का, सीलंट कुठलं, ॲल्युमिनियम प्रति चौरस मीटर किती किलो, अँकर आणि फायर सील आत धरलं का, परांची कोणाची, उघडणारी पॅनेल किती, जीएसटी धरून का सोडून, माप काचेचं का चौकटीसकट. बहुतेक वेळा फरक ॲल्युमिनियमच्या किलोत सापडतो. सेक्शन पातळ केला की दर उतरतो आणि प्रश्न ८ मधलं गणित बसत नाही.

वॉरंटी काचेची, सीलंटची आणि गळतीची वेगवेगळी लिहून घ्या, गळतीची लिहायला सगळे टाळतात म्हणून तीच आधी मागा.

१९. साइटवर काच लागल्यावर कशाची काळजी घ्यायची?

सिमेंटचं पाणी. वरच्या मजल्यावर प्लास्टर चालू असेल आणि ते ओघळ काचेवर सुकले तर काच कायमची पांढरी पडते, घासून जात नाही. लगेच साध्या पाण्याने धुवा. बोअरवेलच्या जड पाण्याने धुऊन तसंच वाळू दिलं तर पांढरे ठिपके बसतात, शेवटचं पाणी मऊ वापरा आणि वायपरने ओढा. काचेवर वेल्डिंगच्या ठिणग्या उडू देऊ नका. स्टिकर महिनोन्महिने उन्हात ठेवू नका.

२०. दहा वर्षांनी एखादी काच फुटली तर तशीच मिळेल का?

कोटिंगचे कोड बंद होतात, आणि नवीन बॅचची काच भिंतीत लावली की दुरून ठिगळासारखी दिसते. म्हणून काम चालू असतानाच जास्त वापरातल्या मापांच्या काही काचा जादा घेऊन कोरड्या जागी उभ्या ठेवा, आडव्या नाही. सोबत फाइलमध्ये काच कंपनीचं नाव, कोटिंगचा कोड, प्रत्येक पॅनेलचा नंबर असलेलं ड्रॉइंग आणि सीलंटचं नाव हवं. आणि वरची काच बाहेरून काढायला पाळणा किंवा दोरी कुठून सोडणार, गच्चीवर त्याचे हूक कुठे आहेत, हे पॅरापेट बांधायच्या आधी ठरवा, नंतर वॉटरप्रूफिंग फोडून हूक बसवले की गळती प्रश्न ९ मध्ये सांगितलेल्या त्याच कडेने सुरू होते.